एकच अप्रेझल तीन देशांत

प्रश्न : आमचे मुख्य कार्यालय अमेरिकेत आहे. तिथली नवी अप्रेझल पद्धत मला जर्मनी आणि जपानच्या शाखांत लागू करायची आहे. सॉफ्टवेअर गुण देणार, तळाच्या लोकांना नोकरी सोडावी लागणार. जर्मन शाखेने ती अडवून धरली आहे. जपानी व्यवस्थापक होकार देतात, पण पुढे काहीच करत नाहीत. सहकारी म्हणतात, त्या लोकांचा स्वभावच तसा. काय करू?
– एक एचआर अधिकारी

उत्तर : स्वभावाचा विचार नंतर करा, आधी तिथले कायदे वाचा. माझी सगळी नोकरी परदेशी शाखांच्या एचआरमध्ये गेली. ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलेल्या अडचणीमागे बहुतेक वेळा कायद्याचे एखादे कलम निघाले.

जर्मनीत किमान 5 कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी कर्मचारी आपली परिषद निवडू शकतात. 1972 च्या कायद्याने तिला मोठे अधिकार दिले आहेत. मूल्यमापनाचे सर्वसाधारण निकष तिच्या संमतीशिवाय ठरत नाहीत. कामावर नजर ठेवू शकेल असे सॉफ्टवेअरही तिला विचारल्याशिवाय बसवता येत नाही. कुणाला काढायचे असेल तर आधी परिषदेचे म्हणणे ऐकावे लागते, नाहीतर ती बडतर्फी रद्दबातल ठरते. तुमच्या शाखेत अशी परिषद असेल, तर ते लोक आडमुठेपणा करत नाहीत, आपला हक्क बजावत आहेत. निकषांचा कच्चा मसुदा घेऊन परिषदेकडे जा. पक्का करून नेलात तर तो परत येईल. बोलणी फिसकटली तर प्रकरण लवाद मंडळाकडे जाते, म्हणून वेळापत्रकात काही महिने मोकळे ठेवा.

आणि मुख्य कार्यालयाला एक गोष्ट स्पष्ट सांगा, कारण ती तिथे कुणाच्या लक्षातच येत नाही : त्यांची पद्धतही त्यांच्याच देशाच्या कायद्यातून आलेली आहे. मोंटाना सोडले तर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत, भेदभावासारखे अपवाद वगळता, मालक कारण न देता माणसाला काढू शकतो. तळाच्या लोकांना निरोप देण्याची कल्पना तिथे सहज सुचते ती यामुळेच.

जपानमध्ये 2007 च्या कामगार करार कायद्याच्या 16 व्या कलमानुसार वाजवी कारणाशिवाय केलेली बडतर्फी अवैध असते. मोठ्या कंपन्या पदवीधरांना एप्रिलमध्ये एकदम भरती करतात, वर्षानुवर्षे विभाग बदलत घडवतात. पगारात सेवेच्या वर्षांना वजन असते. अशा ठिकाणी तळाची यादी मागितलीत तर व्यवस्थापक गप्पच बसणार. त्यांच्याकडून यादी नका मागू. कमी गुण मिळालेल्याला कोणत्या विभागात हलवता येईल, कोणते प्रशिक्षण देता येईल, ते विचारा. मात्र हे संरक्षण सगळ्यांना सारखे मिळत नाही. तिथले एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी कंत्राटी, अर्धवेळ किंवा हंगामी आहेत. तुमच्या शाखेत असे किती आहेत हे आधी मोजा. गुणांची झळ पहिल्यांदा त्यांनाच बसेल, आणि त्यांच्या वतीने बोलायला बैठकीत सहसा कुणी नसते. ते काम तुम्ही करा.