क्राउडस्ट्राइकचा भाव परत आला, पण तुमचा आला का? वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी मी क्राउडस्ट्राइकचा नुसता ओझरता उल्लेख केला आणि इनबॉक्स भरून वाहिला. ही ती अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनी, जिच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे १९ जुलै २०२४ ला जगभरातली विंडोज मशीन बंद पडली आणि शेअर आपटला. अर्ध्या लोकांना "तेव्हाच घ्यायला हवा होता" असं वाटतंय आणि उरलेल्या अर्ध्यांना "आता घेऊ का" असं. म्हणून या वेळी म्युच्युअल फंड, सोनं, गृहकर्ज सगळं बाजूला, फक्त हेच.

प्रश्न (चिंचवडहून): ताई, १९ जुलै २०२४ ला विमानतळावर हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला होता मला. तेव्हा सगळे म्हणत होते की ही कंपनी आता संपली, आणि आता बघतो तर भाव केव्हाच वर निघून गेलाय. हे झालं कसं?

तो पास जपून ठेवा, नातवंडांना दाखवायला होईल.

आधी आकडे समोर ठेवू. १८ जुलैला शेअर ३४३ डॉलरला बंद झाला होता. शुक्रवारी ११ टक्के पडला, सोमवारी अजून १३ टक्क्यांच्या वर पडून २६४ च्या आसपास आला, आणि ५ ऑगस्टला दिवसभरात तर दोनशेच्या जवळ टेकून आला. पण ५ ऑगस्टला जपानपासून अमेरिकेपर्यंत अख्खं मार्केटच आपटलं होतं, त्यामुळे ती सगळी पडझड एका बिघडलेल्या अपडेटच्या खात्यावर टाकता येत नाही, हे लोक विसरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाव परत ३४३ च्या वर होता, म्हणजे जेमतेम चार महिने.

का आला परत? कारण गिऱ्हाईक गेलं नाही, एवढंच. हे सॉफ्टवेअर म्हणजे फोनवरचं ॲप नाही की चिडून काढून टाकलं. एखाद्या बँकेत पन्नास हजार मशीनवर ते बसवलेलं असतं, आयटी टीम त्यावर ट्रेन झालेली असते, करार अनेकदा दोन-तीन वर्षांचा असतो, आणि बदलायचं म्हटलं तर नव्या कंपनीचं टेस्टिंग, बजेट, मंजुऱ्या यातच वर्ष जातं, आणि त्या काळात हॅकर काय सुट्टीवर जाणारेत का? सोसायटीचा वॉचमन एकदा झोपला म्हणून दुसऱ्या दिवशी गेट उघडं टाकून कोणी त्याला काढत नाही, आधी पगारात घासाघीस करतात. इथेही तेच झालं. कंपनीने गिऱ्हाइकांना जास्तीची मॉड्यूल्स (सॉफ्टवेअरचे वेगळे विकले जाणारे भाग) आणि वाढीव मुदत देऊन शांत केलं, आणि जुनी गिऱ्हाइकं टिकण्याचं प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास राहिलं, म्हणजे आधीपेक्षा जेमतेम अर्धा टक्का कमी. ज्यांनी त्या काळात चार्टऐवजी हा एक आकडा बघितला त्यांना झोप लागली असणार.

मात्र फुकटात काही झालं नाही हं. ऑक्टोबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीत नव्याने जोडलेलं वार्षिक सबस्क्रिप्शन १५.३ कोटी डॉलर होतं, त्याच्या आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते २२.३ कोटी होतं. वर्षाच्या विक्रीचा अंदाजही कंपनीने ऑगस्टमध्येच खाली आणला होता. म्हणजे दुखापत झाली, ती भावात दिसायची थांबली इतकंच.

प्रश्न (सांगलीहून): पण हॅक झालेली कंपनी दुसऱ्यांना सुरक्षा काय देणार?

हॅक झाली नव्हती हो! हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं. कंपनीनेच पाठवलेली एक कॉन्फिगरेशन फाइल बिघडलेली होती. त्यांचा सेन्सर, म्हणजे मशीनवर पहारा देणारा प्रोग्राम, विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, त्यामुळे तो अडखळला की अख्खं मशीन निळा स्क्रीन दाखवून बसतं. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन आडवी झाली होती, आणि बरीचशी एकेक करून हाताने उठवावी लागली. हलगर्जीपणा शंभर टक्के, चोरी नाही. आणि शेअरच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण डेटा गेला असता तर ९७ टक्के गिऱ्हाइकं टिकली असती असं मला तरी वाटत नाही.

(गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये लास व्हेगासला हॅकर लोकांच्या संमेलनात "सगळ्यात मोठी फजिती" म्हणून जे बक्षीस देतात, ते घ्यायला कंपनीचे प्रेसिडेंट मायकल सेंटोनस स्वतः स्टेजवर गेले. मला आवडलं ते.)

प्रश्न (नाशिकहून): मी जुलैच्या सुरुवातीला ३८५ ला घेतला, ऑगस्टमध्ये घाबरून २२० ला विकला. घरी अजून सांगितलेलं नाही. आता भाव ५०० च्या वर जाऊन आलाय. परत एन्ट्री घेऊ का?

दादा, आधी घरी सांगा. खरंच सांगते, लपवलेला लॉस माणसाला चुकीचे निर्णय घ्यायला लावतो, "तेवढे भरून काढू" म्हणत माणूस अजून खोलात जातो. मी स्वतः एका स्मॉलकॅपमध्ये हे केलंय, तीनदा ॲव्हरेज केलं, म्हणजे पडत्या भावात अजून घेतलं, आणि तीनदा नवऱ्याला सांगितलं की "लाँग टर्म आहे".

आता गणित बघू. तुम्ही ४३ टक्के गमावलेत. पण ते ४३ टक्क्यांनी भरून येत नाहीत, २२० चे परत ३८५ व्हायला ७५ टक्के वाढ लागते. म्हणून "शेअर रिकव्हर झाला" या वाक्याला तसा काही अर्थच नसतो, कुठून मोजता त्यावर सगळं. १८ जुलैपासून मोजलं तर चार महिन्यांत रिकव्हर, तुमच्यासाठी कधीच नाही, कारण तुम्ही गाडीतून उतरलात. आणि जो २०१९ च्या आयपीओमध्ये ३४ डॉलरला आत गेला त्याला हे सगळं म्हणजे रस्त्यातला स्पीडब्रेकर.

परत एन्ट्रीचं म्हणाल तर जुना भाव डोक्यातून काढून टाका आणि आजचा धंदा बघा. कंपनीचं आर्थिक वर्ष जानेवारीअखेर संपतं. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात विक्री ३९५ कोटी डॉलर, वाढ २९ टक्के, हे छान. हातात आलेली मोकळी रोकड १०७ कोटी डॉलर, हेही छान. पण हिशेबाच्या नियमांनी निव्वळ निकाल बघितला तर जवळपास दोन कोटी डॉलर तोटा. हे कसं? एक तर सबस्क्रिप्शनचे पैसे आधीच जमा होतात, आणि दुसरं म्हणजे पगाराचा मोठा भाग शेअर देऊन भागवला जातो, त्यात रोकड जात नाही पण तुमचा हिस्सा पातळ होतो. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये हा खर्च सोयीस्करपणे वगळलेला असतो, तेव्हा कुठला नफा चाललाय ते विचारत चला. जुलै २०२५ मध्ये ५०० डॉलरच्या वर भाव होता तेव्हा साधारण पंचवीस कोटी शेअर धरले तर कंपनीची किंमत होत होती १२,५०० कोटी डॉलर, म्हणजे आदल्या वर्षाच्या विक्रीच्या तीसपटीहून जास्त. नफ्याच्या नाही, विक्रीच्या! त्या भावात सगळं सुरळीत होणार हे आधीच धरलेलं होतं. मी असते तर एकरकमी घेतलं नसतं. थोडं थोडं घेणं वेगळं, पण त्यालाही एप्रिल २०२५ सारखा महिना सोसायची तयारी हवी, फेब्रुवारीत ४५० आणि टॅरिफच्या गोंधळात दोन महिन्यांत ३२५ च्या आसपास.

प्रश्न (बाणेर, पुणे): मी एका अमेरिकन सायबर सिक्युरिटी कंपनीत आहे, नाव देत नाही. आरएसयू (पगाराचा भाग म्हणून कंपनीचे शेअर) मिळतात. वेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष माझ्या नावावर आले, तेव्हा भाव खूप वर होता, टॅक्स त्या भावाने कापला गेला, मग शेअर पडला. आता भाव सुधारतोय तर पूर्ण रिकव्हर होईपर्यंत थांबू?

हा प्रश्न पुण्यातून सगळ्यात जास्त येतो, आणि येणारच.

वेस्ट होतात त्या दिवशीचा भाव तुमचा पगार धरला जातो आणि त्यावर स्लॅबने टॅक्स जातो. नंतर शेअर अर्ध्यावर आला तरी तो टॅक्स परत येत नाही. कमी भावात विकले तर तो कॅपिटल लॉस, तो पगारातून वजा होत नाही, फक्त कॅपिटल गेनमधून होतो आणि आठ वर्षं पुढे ओढता येतो. हे कटू आहे पण असंच आहे.

थांबावं का? मी सगळ्यांना एकच विचारते, आज तुमच्या हातात एवढी रोख दिली असती तर तुम्ही त्या सगळ्याचे याच कंपनीचे शेअर घेतले असते का? "नाही" असेल तर मग धरून का बसलाय? आणि तुमचं तर पगार, बोनस, बाणेरच्या फ्लॅटचा ईएमआय आणि बचत, सगळं त्याच एका कंपनीवर टांगलेलं आहे. भाव पडतो तेव्हाच नोकऱ्याही जातात असं म्हणतात, पण क्राउडस्ट्राइकने तर मे २०२५ मध्ये भाव उत्तम असताना पाच टक्के, म्हणजे सुमारे पाचशे लोक कमी केले. दर वेस्टिंगला ठरावीक हिस्सा विका, भाव न बघता. कंटाळवाणं आहे, माहितीय.

प्रश्न (कोल्हापूरहून): म्हणजे पुढच्या वेळी कुठलीही सायबर कंपनी बातमीने पडली की डोळे मिटून घ्यायची ना?

डोळे उघडे ठेवा हो! ऑक्टा बघा. ही कंपनी लॉगिनची सुरक्षा विकते. २०२१ च्या सुरुवातीला शेअर २९० डॉलरच्या आसपास होता, नंतर २०२२ च्या मार्चमध्ये लॅप्सस नावाच्या हॅकर टोळीने ऑक्टाच्या आतल्या सिस्टिमचे स्क्रीनशॉट टाकले, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सपोर्ट सिस्टिममधून गिऱ्हाइकांच्या फाइल गेल्या आणि शेअर एका दिवसात ११ टक्के पडला. २०२५ मध्येही भाव जुन्या शिखराच्या निम्म्यालासुद्धा नव्हता. त्यात २०२२ ला व्याजदर वाढले आणि सगळ्याच टेक शेअरची हवा गेली हेही आहे, आणि मायक्रोसॉफ्टसारखा धटिंगण समोर उभा आहे हेही. पडलेला प्रत्येक शेअर उसळी मारतो हे आपल्याला वाटतं कारण उसळी मारलेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातून): परदेशातलं राहू द्या. आपल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंच्या क्विक हीलचा शेअर आयपीओत ३२१ ला लागला होता, अजून आहे. काय करू?

काका, तुमच्या भावना कळतात. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास काटकरांनी भावाला सोबत घेऊन पुण्यात कंपनी उभी केली, अँटीव्हायरसची ती सीडी कोणाच्या घरात नव्हती? पण शेअरला गाव नसतं.

फेब्रुवारी २०१६ ला लिस्टिंगच्या दिवशीच भाव खाली, मार्च २०२० मध्ये शंभराच्या आत, २०२४ मध्ये पाचशेच्या वर, आणि २०२५ मध्ये परत तीनशेच्या घरात. म्हणजे एवढ्या वर्षांत तुम्ही जिथे होतात तिथेच, मधला डिव्हिडंड तेवढा पदरात. एफडीनेही जास्त दिलं असतं. अडचण अशी की घरगुती अँटीव्हायरस आता विंडोजमध्ये फुकट येतो, म्हणून कंपनी सेक्राइट नावाने मोठ्या उद्योगांकडे आणि सरकारी कामांकडे वळतेय, आणि तिथली ऑर्डर कधी येईल, पैसे कधी येतील याचा नेम नसतो. त्यामुळे तिमाही निकाल कधी नफा कधी तोटा. सेक्राइटची विक्री सलग चार तिमाही वाढतेय का ते बघा. नसेल वाढत तर पुढच्या तेजीत निम्मे तरी मोकळे करा, २०२४ सारखी संधी परत सोडू नका.

प्रश्न (ठाण्याहून): वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांच्या नावाने अमेरिकन शेअर घेतलेत, साधारण ९० हजार डॉलरचे. टॅक्सचं काही लक्षात ठेवायचं का?

बरंच. विकले नसले तरी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरावंच लागतं, आणि ते आर्थिक वर्षाचं नाही, जानेवारी ते डिसेंबरचं असतं, इथे खूप जण चुकतात. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकलं तर स्लॅबप्रमाणे. वर्षाला दहा लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापते, तो टॅक्समध्ये वळता करून घेता येतो.

पण तुमच्या बाबतीत खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती कोणी सांगत नाही. अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या नावावर ६० हजार डॉलरच्या वर अमेरिकन शेअर असतील आणि तो गेला तर तिकडे वारसा कर लागतो, तोही १८ पासून ४० टक्क्यांपर्यंत चढत जाणारा, आणि आपला त्यांच्याशी याबाबत करार नाही. वडिलांना शंभर वर्षं लाभोत, पण ९० हजारांचा आकडा ६० च्या खाली आणा. काही विकून ते पैसे इथल्याच अमेरिकन इंडेक्सवाल्या म्युच्युअल फंडात टाकता येतात, तिथे हा प्रश्न येत नाही. विकण्याआधी खरेदीच्या तारखा घेऊन सीएकडे जा, २४ महिने भरायला दोन-तीन आठवडेच उरले असतील तर तेवढे थांबा.