वाचकांचे प्रश्न : बिली हॉलिडे ऐकायची कशी?

प्रश्न : जॅझ गायिकांची यादी निघाली की बिली हॉलिडेचं नाव अगदी वर असतं. मी तिची बरीच गाणी ऐकली. आवाज बारीक, ताना नाहीत, वरच्या सुरांतली झेप नाही. मग तिचं मोठेपण शोधायचं कशात?

उत्तर : आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. तिचा गळा एका सप्तकाच्या जेमतेम थोडा पुढे जातो. पण शब्द नेमका कोणत्या क्षणी टाकायचा, हे तिच्याइतकं फार थोड्यांना कळलं. मूळ चालीत उंच-खोल उड्या असल्या तर ती त्या बहुतेक वेळा गाळते आणि अख्खी ओळ जवळजवळच्या तीन-चार सुरांत बसवते. सूर असे आवरते घेतले की कानाला लय जास्त ऐकू येते, आणि तिची सगळी कारागिरी तिथेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोफोन. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात तो आला आणि भोंग्यासमोर मोठ्याने गाण्याची गरज संपली. बिलीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९३३ चं. हलक्या आवाजात गाता येत असल्यामुळे शब्दाच्या शेवटचं व्यंजनही ती जपून, हवं तेव्हा मिटवू शकते. एखादा लांब सूर नीट ऐका. सुरुवातीला तो सरळ असतो, संपता संपता त्यात कंप येतो आणि कधी कधी तो किंचित खाली ओघळतो. ही ढब लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटमध्ये आणि गाण्यातही आहे. ती त्याला आपला आदर्श मानत असे.

प्रश्न : ‘ती ठेक्याच्या मागे राहून गाते’ असं सगळीकडे वाचतो, पण ऐकताना ते कधी जाणवत नाही. ओळखायचं कसं?

उत्तर : याला थोडी मेहनत लागते, पण एकदा ऐकू आलं की पुन्हा हरवत नाही. जानेवारी १९३७ मध्ये पियानोवादक टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाबरोबर तिने गायलेलं ‘धिस यिअर्स किसेस’ घ्या. यात आधी लेस्टर यंग टेनर सॅक्सोफोनवर चाल वाजवतो आणि मग बिली गाते, त्यामुळे तुलना हाताशीच असते.

पहिल्यांदा फक्त सॅक्सोफोनचा भाग तीन-चार वेळा ऐका, चाल गुणगुणता आली पाहिजे. मग चालही सोडा आणि फ्रेडी ग्रीनची गिटार धरा. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका तुकड्यात, चार मात्रा, चारही सारख्या वजनाच्या. त्यांच्यावर बोटाने ताल द्या. आता बिलीचा भाग लावा आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द बोटाच्या टोल्याआधी येतो, टोल्यावर येतो की नंतर, एवढंच बघा. शेवटी ओळ कुठे संपते ते बघा.

इथे बहुतेकांची गडबड एकाच जागी होते. शब्द सुरू झाले की कान त्यांच्यामागे जातो आणि बोटही नकळत आवाजाबरोबर मंदावतं. मग गायिका आणि ताल दोन्ही एकत्र वाटतात आणि ऐकायचं होतं ते अंतरच नाहीसं होतं. असं झालं तर आवाज कमी करून फक्त गिटारवर लक्ष द्या आणि पुन्हा सुरू करा.

मागे राहणं म्हणजे संथ गाणं नव्हे, हा गैरसमज फार आहे. सगळी ओळ सारखीच मागे सरकवली तर खालचे कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे सूर) बदलून पुढे जातील आणि सूर विसंगत लागतील. ती ओळ उशिरा उचलते, मधले दोन-तीन शब्द दाटीने बसवते आणि शेवटापर्यंत वेळ भरून काढते. क्वचित एखादा सूर मुद्दाम पुढच्या कॉर्डवर ओढते. क्षणभर तो टोचतो, मग सुटतो. ती टोच ऐकण्यासारखी आहे.

प्रश्न : तिच्या गाण्यामागे एक सॅक्सोफोन सतत काहीतरी वाजवत असतो. शब्द ऐकताना त्याचा अडथळा होतो.

उत्तर : तो बहुधा लेस्टर यंग असेल, आणि तो कुठे थांबतो ते ऐकलंत तर अडथळा वाटणार नाही. ती ओळ सोडते त्या फटीत तो येतो आणि ती पुढची ओळ उचलते तेव्हा बाजूला होतो. ८ डिसेंबर १९५७ ला सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणीच्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात दोघांनी ‘फाइन अँड मेलो’ सादर केलं, ते चित्रण जरूर बघा. हा १२ बारचा ब्लूज आहे, म्हणजे गाण्याचा एक ठरलेला साचा. तीन ओळी, प्रत्येकीला चार बार. ओळ गाऊन झाल्यावर उरलेली जागा वाद्यांची. लेस्टरच्या वाट्याला एकच आवर्तन आलं आहे, सूर मोजके. ते चालू असताना कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती मान हलवत ऐकते आहे. तिच्या ऐकण्यातसुद्धा लय दिसते. १९५९ मध्ये, मार्चमध्ये लेस्टर गेला आणि जुलैत बिली.

प्रश्न : ‘लेडी इन सॅटिन’पासून सुरुवात केली. आवाज इतका फाटलेला वाटला की पुढे ऐकवलं नाही.

उत्तर : १९५८ ची ही तबकडी सुरुवातीला घेऊ नये. आवाज खरोखर झिजलेला आहे, आणि रे एलिसच्या वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांच्या पसरट सुरांमुळे ताल ठळक राहत नाही, म्हणून तिचं मागे राहणं नवख्याला सापडत नाही. आधी १९३५ ते १९३९ मधली टेडी विल्सनबरोबरची गाणी पचवा, मग इकडे या. गळा थकला तरी शब्द टाकण्याची जागा चुकलेली नाही, हे तेव्हा कळेल.

प्रश्न : एला फिट्झजेराल्ड थोर की बिली?

उत्तर : दोघींकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. शब्द सोडून निव्वळ अक्षरांवर केलेला विस्तार हवा असेल तर एला. फेब्रुवारी १९६० च्या बर्लिनच्या मैफलीतलं ‘हाउ हाय द मून’ ऐका. बिली शब्द सोडून सहसा जात नाही.

प्रश्न : जुनी ध्वनिमुद्रणं मोबाइलवर पातळ आणि खरखरीत वाटतात. उपाय?

उत्तर : मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि बास गेला की तालाचा आधार गेला. हेडफोन वापरा. खरखर पूर्ण काढलेल्या आवृत्त्या टाळा. खरखरीबरोबर वरच्या कंपनसंख्या कापल्या जातात आणि ‘स’, ‘त’सारखी व्यंजनं बोथट होतात. थोडी खरखर राहिलेली आवृत्तीच घ्या. दोन-तीन गाण्यांनंतर कान ती बाजूला सारतो.