वाड्याची तुळई खचली आहे, मालक दुरुस्ती करत नाही. भाडं थांबवावं का?

थांबवू नका. पुण्यातल्या पेठेतला जुना वाडा, महिना ४०० रुपये भाडं, आणि मालक 'बघू' म्हणत दिवस ढकलतोय, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी भाडं थांबलं की थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि मालकाला घर खाली करून घ्यायला आयतं कारण मिळतं. तो भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा, पावत्या जपा.

तुमच्या बाजूचं कलम म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४. करारात उलट अट नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. पोच मिळेल अशा टपालाने किमान १५ दिवसांची नोटीस द्या. तरीही तो हलला नाही, तर दुरुस्ती तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. गोम पुढे आहे: वर्षभरात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये. तुमचे झाले १२०० रुपये! त्यात तुळई बदलून होत नाही. म्हणून वाड्यातले सगळे भाडेकरू मिळून नोटीस द्या. मग प्रत्येकाची वजावट त्याच्या भाड्याच्या प्रमाणात होते. पक्की बिलं घ्या, कारण हिशेब आणि व्हाउचर मालकावर बंधनकारक असतात. लाकडाच्या जागी स्लॅब मात्र टाकू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं, तर तेच घर खाली करायला कारण होऊ शकतं.

खरा जोर महापालिकेच्या नोटिशीत असतो. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पाहणी मागा आणि आवक शिक्का घ्या. (मुंबईत हेच कलम ३५४.) फोटो तुळई भिंतीत शिरते तिथले काढा; ओल तिथेच मुरते आणि टोक आतून कुजतं. पेचकस टोचून बघा, सहज रुतला तर लाकूड गेलंय. भिंतीतल्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून वाढतेय, आणि हा पुरावा इंजिनिअरला पटतो.

तोवर टेकू द्या. तो तुळईखाली हवा, नुसत्या फळ्यांखाली नको, आणि बुडाशी जाड फळी हवी. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर खालच्या मजल्यातही त्याच रेषेत टेकू लागतो, नाहीतर भार फक्त एक मजला खाली सरकतो.

या वाटेला एक धोका आहे. पाहणीनंतर 'दुरुस्त करा'ऐवजी 'रिकामी करा' अशी नोटीस येऊ शकते, आणि काही मालकांना तीच हवी असते. शंका आली तर स्वतःच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडा. पण वाडा खरंच पडायला आला असेल तर बाहेर पडा. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगली-मिरज-कुपवाडमधल्या प्रकरणात सांगितलंय. निघण्याआधी पालिकेच्या भाडेकरूंच्या यादीत तुमचं नाव आणि मोजलेलं क्षेत्रफळ लिहून घ्या. 'स्वखुशीने ताबा सोडला' अशा कागदावर सही करू नका, मालक कितीही गोड बोलला तरी.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असलेल्यांना हे कलम १४ धरून चालता येणार नाही. त्यांनी कराराची अट दाखवून लेखी मागणी करावी, आणि छत खाली येत असेल तर डिपॉझिट मागून निघावं. तुम्ही मात्र पुण्यातले भाडेकरू, तुमचा दावा लघुवाद न्यायालयात लागेल.