परसातली शेती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाटणीत ५ गुंठे काळी जमीन आली आहे. गाव करवीर तालुक्यात, विहीर भावकीत सामायिक. मी कोल्हापुरात नोकरी करतो, घरात आम्ही चौघं. धान्य, भाजी, अंडी, दूध सगळं घरचं करायचं आहे. सुरुवात कशानं करू?

उत्तर : धान्य आणि दूध आधी यादीतून काढा. चौघांना महिन्याला ४० किलो धान्य धरलं तरी वर्षाला पाच क्विंटलच्या आसपास जातं. पाचही गुंठ्यांत भात लावलात आणि एकरी २० क्विंटलचा उतारा पडला, तरी हाती येणार अडीच क्विंटल भात; कांडल्यावर त्याहून कमी. गाईला रोज २०-२५ किलो ओली वैरण आणि ४-५ किलो वाळली लागते, शिवाय दोन वेळा धारेला माणूस. पाच गुंठे तिलाच पुरायचे नाहीत. सुगीत धान्य विकत घ्या, कडक वाळवा, दाताखाली दाणा कट्ट वाजला की सावलीत पूर्ण गार करून मगच कणगीत भरा. उन्हातनं काढून गरम गरम भरलं की झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरशीनं जातो.

तुमच्या हाताशी आहे ती भाजी. पण किती लावायची हे जमीन नव्हे, विहिरीची पाळी ठरवते. एप्रिल-मेमध्ये एक गुंठा भाजीला रोज ४०० ते ५०० लिटर पाणी लागतं. पाळी ८ दिवसांनी येत असेल, तर एका गुंठ्यासाठी साडेतीन-चार हजार लिटरचा साठा हवा. एक हजार लिटरची टाकीच परवडत असेल, तर उन्हाळ्यात पाव गुंठाच हिरवा ठेवा, बाकी मोकळं राहू द्या. पहिल्या वर्षी माणसं हौसेनं सगळं लावतात आणि मार्चअखेर निम्मं वाळवून बसतात ते इथंच.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून मे महिन्यातच गादीवाफे करून ठेवा : रुंदी ३ फूट, उंची ९ इंच, मध्ये दीड फुटाची पायवाट, उतार चराकडे. रुंदी वाढवू नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर भांगलायला वाफ्यात पाय पडतो आणि माती दबते. जूनमध्ये भेंडी, गवार, दोडका, वरणा. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा. मेथी एकदम टाकू नका, दर दहा दिवसांनी एकच वाफा. बांधावर शेवगा, कढीपत्ता. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि आळू.

आच्छादनाला आपल्याकडं उसाच्या पाचटाला तोटा नाही. ३-४ इंचांचा थर द्या, रोपाच्या बुडापासून चार बोटं लांब. मातीत मात्र कालवू नका. पाचट कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं, आणि रोपं पिवळी पडली की आपण युरिया शोधत बसतो.

प्रश्न : हातकणंगले तालुक्यात घरामागं १२ गावठी पिल्लं पाळली. दोन महिन्यांत ९ मेली. हिरवट विष्ठा, मान वाकडी, पाय लुळे. पुन्हा आणावीत का?

उत्तर : लक्षणं मानमोडीची (राणीखेत रोगाची) दिसतात, खात्रीसाठी मेलेलं पिल्लू ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला हवं होतं. यावर औषध नाही, लसच. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. पुन्हा साधारण चौथ्या आठवड्यात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, टोचून. लस टोचूनही पिल्लं मेली असं सांगणाऱ्यांत बहुतेकांची लस वाटेतच गरम झालेली असते. बर्फ घातलेल्या थर्मासातनंच आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. बाटली निदान शंभर पक्ष्यांची असते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी उरका. खर्चही वाटला जातो आणि रोग शेजारून परत येत नाही.

नवी पिल्लं लगेच नकोत. जुनं तूस जाळा, खुराडं धुऊन चुना मारा, महिनाभर रिकामं ठेवा. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, खड्ड्यात चुना घालून पुरा. १० कोंबड्यांना ४ बाय ५ फुटांचं खुराडं पुरतं. षटकोनी पातळ जाळी कुत्रं फाडतं, म्हणून अर्ध्या इंची वेल्डमेश, आणि ती जमिनीत फूटभर गाडलेली. मुंगूस खालनं उकरून येतं. मोठ्या पक्ष्याला दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य लागतं. बाहेर चरल्यानं थोडं वाचतं, पण नुसत्या खरकट्यावर अंडी मिळत नाहीत. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असली तरच ठेवा.

प्रश्न : जीवामृताचं (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं) प्रमाण सगळीकडं एकरी छापतात. एका गुंठ्याला किती?

उत्तर : सगळ्याला ४० नं भागा. ५ लिटर पाणी, पाव किलो ताजं देशी गाईचं शेण, पाव लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन, बांधावरची चिमूटभर माती. बादली सावलीत ठेवा, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. ४८ तासांनी वापरा, आठवड्यात संपवा. घट्ट झाकण लावलंत तर वायू कोंडून घाण वास सुटतो. गूळ पिवळाधमक नको, काळपट घ्या. खायला कुणी घेत नाही तोच इथं चालतो आणि स्वस्त पडतो.

प्रश्न : पन्हाळ्याकडं ५०० चौरस फुटांचं पत्र्याचं छप्पर आहे. पावसाचं पाणी साठवून उन्हाळा निघेल का?

उत्तर : पिण्याचा निघेल, भाजीचा नाही. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. १ मिलिमीटर पावसाला साधारण ३७ लिटर हाती लागतात. एक हजार लिटरची टाकी २७ मिलिमीटरमध्ये भरते, आणि तिकडं जुलैत एवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो. त्यानंतरचं सगळं ओघळून जातं. म्हणून पन्हाळी वाढवण्यात पैसे घालू नका, साठ्यात घाला. चौघांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले, तर मार्च ते मे ९२ दिवसांचे ३,६८० लिटर होतात. ५ हजार लिटरची बंद टाकी घ्या. ऊन आत गेलं की शेवाळ धरतं. पहिले दोन-तीन जोराचे पाऊस पत्रा धुण्यासाठी सोडून द्या, टाकी ऑगस्टअखेर स्वच्छ पाण्यानं भरा, तोंडाला बारीक जाळी लावा आणि पिण्याआधी पाणी उकळा.