उल्केचा आकार काढताना आधी ऊर्जा बघा

व्हिडिओतल्या लखलखाटावरून दगड केवढा होता ते ठरवू नका. आधी ऊर्जा, मग वस्तुमान, शेवटी व्यास, असं चला.

नासाच्या अग्निगोलांच्या (म्हणजे अतितेजस्वी उल्कांच्या) तक्त्यात ऊर्जेचे दोन रकाने आहेत: प्रकाशरूपाने बाहेर पडलेली आणि एकूण. नवखी मंडळी हमखास पहिलाच आकडा उचलतात. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेल्या उल्केचंच बघा. प्रकाशाची ऊर्जा सुमारे ९० किलोटन, एकूण ४४०. जवळपास पाचपट फरक!

एक किलोटन म्हणजे ४.१८४ लाख कोटी ज्यूल. एकूण ऊर्जेची दुप्पट करा, वेगाच्या (मीटर प्रति सेकंदात) वर्गाने भागा. सेकंदाला १९ किलोमीटर धरले की वस्तुमान साधारण १० हजार टन येतं. घनता ३३०० किलो प्रति घनमीटर घेतली, तर व्यास १८ मीटरच्या आसपास. प्रसिद्ध झालेले अंदाज १९-२० मीटरचे आहेत, म्हणजे आपण फार लांब नाही.

घनतेवर डोकं फोडू नका; घनमूळात तिची चूक बरीच विरते. वेगाचं मात्र जपा, तिथे वर्ग आहे. आणि जमेल तेव्हा इन्फ्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा खोल आवाज) टिपणाऱ्या केंद्रांच्या नोंदींवरून निघालेली ऊर्जाही शेजारी मांडून बघा, कारण ती मोजणी प्रकाशावर अवलंबून नसते.