जीपीएक्स फाईलमधले अक्षांश-रेखांश जावास्क्रिप्टने काढताना

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकची मोबाइलवर नोंदवलेली जीपीएक्स फाईल (वाटेतले बिंदू एक्सएमएल टॅगमध्ये साठवणारी फाईल) वेबपानावरच्या नकाशात दाखवायची आहे. एक्सपाथने (एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा) शोधले तर एकही बिंदू सापडत नाही. क्वेरीसिलेक्टरऑल या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने सापडतात, पण एक-दोन बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात पडतात. कुठे चुकते आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन वेगवेगळ्या चुका आहेत.

समुद्रातले बिंदू आधी पाहू. ‘टीआरकेपीटी’ या ट्रॅकमधल्या बिंदूच्या टॅगवरचे ‘लॅट’ आणि ‘लॉन’ हे ॲट्रिब्यूट गेटॲट्रिब्यूटने वाचले की नेहमी मजकूरच मिळतो, आकडा नव्हे. ॲट्रिब्यूट नसेलच तर ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) मिळते. आता नंबर() या फंक्शनला नल दिले किंवा रिकामा मजकूर दिला, तरी ते बिनतक्रार ० देते. अक्षांश ०, रेखांश ० म्हणजे गिनीचे आखात! हाताने कापलेल्या-जोडलेल्या फाईलींत असे अर्धवट टॅग राहून जातात. पार्सफ्लोट वापरा, ते अशा वेळी एनएएन (‘आकडा नव्हे’) देते. मग नंबर.इजफायनाइटने तपासून तो बिंदू गाळा. आकड्यात रूपांतर न करता सरासरी काढायला गेलात, तर बेरजेऐवजी ‘०१९.३९१९.४०’ असा मजकूर जोडला जाईल.

उंची आणि वेळ मात्र ॲट्रिब्यूट नाहीत. ‘ईएलई’ आणि ‘टाइम’ हे आतले टॅग आहेत; ते टेक्स्टकंटेंटने वाचायचे.

आता एक्सपाथ. जीपीएक्सच्या मुळाच्या टॅगवर ‘एक्सएमएलएनएस’ असते, त्यामुळे आतले सगळे टॅग त्या नेमस्पेसमध्ये (टॅगच्या नावांच्या गटात, ज्याची ओळख एका पत्त्याने होते) जातात. एक्सपाथमध्ये उपसर्गाशिवाय लिहिलेले नाव म्हणजे नेमस्पेस नसलेला टॅग, आणि तसा टॅग फाईलमध्ये नाहीच. इव्हॅल्युएटला तिसरा घटक म्हणून एक फंक्शन द्या, जे ‘जी’ या उपसर्गासाठी डॉक्युमेंटएलिमेंटचा नेमस्पेसयूआरआय परत करेल, आणि शोध ‘//जी:टीआरकेपीटी’ असा लिहा. नेमस्पेसचा पत्ता कोडमध्ये कायमचा लिहू नका, कारण जीपीएक्स १.० आणि १.१ यांचे पत्ते वेगळे आहेत. ॲट्रिब्यूटना मात्र हा उपसर्ग लावायचा नाही. मूळ नेमस्पेस त्यांना लागू होत नाही. खरे तर एवढ्या कामासाठी एक्सपाथची गरजच नाही. क्वेरीसिलेक्टरऑल नेमस्पेस न पाहता टॅगच्या नावावर शोधते, तेच ठेवा.

फाईलचा मजकूर वाचून टॅगचा दस्तऐवज बनवणाऱ्या डीओएमपार्सरला दुसरा घटक ‘ॲप्लिकेशन/एक्सएमएल’ हाच द्या. ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ दिलेत तर ‘/’ने स्वतःच बंद होणारे टॅग बंद मानले जात नाहीत आणि बिंदू एकमेकांच्या पोटात शिरतात. फाईल सदोष असली तरी पार्सर एरर फेकत नाही, त्यामुळे ट्राय-कॅचचा इथे उपयोग नाही. मिळालेल्या दस्तऐवजात ‘पार्सरएरर’ टॅग आहे का, ते शोधावे लागते. नेहमीची कारणे दोन : एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी आलेली मोकळी जागा आणि दुव्यांमध्ये तसेच सोडलेले ‘&’ चिन्ह.

प्रश्न : हेच नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवताना) करायचे तर? डीओएमपार्सर तिथे सापडत नाही.

उत्तर : तो नोडमध्ये अंगभूत नाही. फास्ट-एक्सएमएल-पार्सर हे पॅकेज चालेल, पण त्यात ‘इग्नोरॲट्रिब्यूट्स’ मुळात ‘ट्रू’ असते, म्हणजे तुम्हाला हवे तेच गाळले जाते. ते ‘फॉल्स’ करा. मग नावे ‘@_लॅट’, ‘@_लॉन’ अशी येतील. ट्रॅकमध्ये एकच बिंदू असेल तर ॲरे (यादी) न मिळता सुटे ऑब्जेक्ट मिळते. लूप लावण्याआधी ॲरे.इजॲरेने तपासा.