जुनी रबरी बोट रंगवू, की लोन काढून नवीन घेऊ?

राम राम भाऊ. तुमचं म्हणणं असं की हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवता ती हवेची बोट पार फिकट पडलीय, रंगवायला १४ हजार सांगताहेत, त्यात शेजारच्याच्या बोटीची मोटर चोरीला गेली म्हणून १८ हजाराचा कॅमेरा लावायचं डोक्यात आहे, नाहीतर ८० हजाराचं लोन काढून सरळ नवीनच घ्यायची. हातात ४० हजार आहेत.

लोन आत्ता नकोच. १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३,८४० च्या आसपास बसतो, १२ हजाराच्या वर नुसतं व्याज जातं, आणि तुमची कमाई हिवाळ्याची, पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की बोट घरी, हप्ता मात्र बारा महिने चालू.

आता रंग. रंगाने हवा थांबत नाही हे आधी लक्षात घ्या. संध्याकाळी फुल हवा भरा, सगळ्या जोडांवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे येतात का बघा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी गारव्याने थोडी नरम लागेल, ते चालतं, पण लोळली असेल किंवा जोड उकलत असतील तर रंगावर एक रुपया घालू नका. हवा भरायची ट्यूब हाताला चिकट लागत असली तरी तेच, तिचं पीव्हीसी (प्लास्टिक) उन्हाने गेलंय, त्यावर रंग धरत नाही.

चांगली निघाली तरी पूर्ण रंगवायची काही गरज नाही. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट तर अजिबात नको, ट्यूब फुगते-आवळते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. रबरी बोटीसाठीचा लवचिक पेंट थोडाच आणा आणि दोन्ही बाजूंना हातभर अक्षरात तुमचं नाव, गावाचं नाव टाका, भडक केशरीत. चोराला बोट विकायची असते भाऊ, गावाचं नाव लिहिलेली बोट घेणार कोण? १४ हजाराच्या कामातला मला पटणारा भाग एवढाच.

कॅमेरा राहू द्या. काठावर ना लाईट ना नेट, आणि चोर दिसला तरी मोटर गेलेलीच असते. खरा पैसा मोटरीत आहे, ती रोज घरी न्या, नेणं जमलं नाही तर मोटर बोटीला आवळून धरतो त्या क्लॅम्पला कुलूप. साखळी ट्यूबवर चिकटवलेल्या कड्यांतून ओवू नका, त्या ब्लेडने निघतात, मागच्या लाकडी फळीला आरपार बोल्ट मारून त्यातून ओवा. मोटरीच्या नंबरचा फोटो आणि बिल मोबाईलमध्ये ठेवा, तक्रार द्यायची वेळ आली तर तेच मागतात.

हे सगळं ६-७ हजारात बसावं. उरलेले एफडीत टाका आणि सीझनच्या कमाईतून दर महिन्याला थोडी भर घाला, नवीन बोट रोखीने घेता येईल. फक्त बोटीत बसणाऱ्यांना घालायला देता ती लाईफ जॅकेटं जुनी झाली असतील तर एफडीच्या आधी ती बदला.